कापसाखालचा ड्रमसेट

आमच्या बँडचा तिसरा अल्बम आला तेव्हा पुण्याच्या एका बाईंनी व्हिडिओ कॉलवर आमची मुलाखत घेतली. त्यांनी बरीच तयारी केली होती. आमचे पहिले दोन अल्बम त्यांनी ऐकले होते आणि ते ऐकूनही त्या आमच्याशी बोलायला तयार होत्या, यातच त्यांचा चांगुलपणा दिसत होता. त्यांनी विचारलं, "इतक्या दणदणाटातून तुम्ही एकदम या शांत, जवळच्या आवाजाकडे कसे वळलात? त्यामागचा विचार काय होता?"

आमचा गायक अकोल्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. उत्तर येत नसलं तरी वर्ग कसा सांभाळायचा हे त्याला चांगलं ठाऊक आहे. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "चाळिशीनंतर माणूस बाहेरचा आवाज कमी करतो आणि आतला ऐकायला लागतो." आमचा बेस वाजवणारा दातांचा डॉक्टर आहे, तो छताकडे बघायला लागला. गिटारवाल्याला अचानक खोकला आला. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं कॅमेऱ्यासमोरून बाजूला सरकले.

खरं कारण एवढंच होतं की गिटारवाल्याच्या वडिलांना कापसाचा भाव पटत नव्हता.

आम्ही चौघं. मास्तर आणि डॉक्टर अकोल्याचे, मी अमरावतीची. मी दिवाणी कोर्टात वकिली करते आणि ड्रम वाजवते. ही दोन कामं एकाच बाईनं करावीत याचं अमरावतीत अनेकांना वाईट वाटतं. चौथा गिटारवाला. त्याची शेती दर्यापूरजवळच्या एका खेड्यात आहे. आमच्या तालमीची जागा त्याची असल्यामुळे आम्ही त्याला मालक म्हणतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जमलेला हा बँड लग्नं, बदल्या, पोरंबाळं, डॉक्टरचं टक्कल, सगळं होऊनही टिकला, कारण दर्यापूर आम्हाला मधे पडतं. याहून थोर कारण मला आजवर सापडलेलं नाही.

मालकाच्या वावरात एक टिनाचं शेड आहे. खाली कोबा, वर पत्रे. पावसाळ्यात त्यात खत, हिवाळ्यात कापूस आणि कापूस विकला की आम्ही. दर वर्षी संक्रांतीपर्यंत शेड रिकामं व्हायचं आणि मग दर रविवारी तिथं आमचा गोंधळ सुरू व्हायचा. त्या शेडमध्ये एक झांज वाजवली की सहा ऐकू यायच्या. मास्तर ओरडायचा, पत्रे त्याच्याहून जोरात ओरडायचे. पहिल्या दोन अल्बमच्या वेळी लोक म्हणाले, काय भव्य आवाज आहे! ते श्रेय पत्र्यांचं होतं. आम्ही ते घेतलं आणि पत्र्यांनी तक्रार केली नाही.

माझा ड्रमसेट वर्षभर मालकाकडेच असायचा. तो सुटा करायला एक तास, जोडायला दीड तास आणि अमरावतीला न्यायला छोटा टेम्पो. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त न्यायाधीश. म्हणून कापसाच्या दिवसांत सेट मालकाच्या घरच्या माळ्यावर जायचा आणि कापूस विकला की परत शेडमध्ये. त्या वर्षी दिवाळीनंतर मालकाच्या वडिलांनी निरोप दिला, "तुमचं सामान उचलून घ्या, कापूस येऊन राहिला." मास्तरनं माईक नेला, डॉक्टरनं बेस नेला. ड्रमबद्दल मास्तरला वाटलं मालक उचलेल, मालकाला वाटलं मी येईन. मला त्या आठवड्यात रोज तारखा होत्या. मी फोन केला तर मालक म्हणाला, "राहू दे वो कोपऱ्यात. पंधरा दिवसांत कापूस इकतोच हाये."

नव्या अल्बमसाठी त्या वर्षी कापसाच्या दिवसांतही जमायचं ठरलं होतं. पुढल्या रविवारी मी गेले तर शेड पत्र्यापर्यंत कापसानं भरलेलं. दाराजवळ चार माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच जागा उरली होती.

"माझा सेट?" मी विचारलं.

मालकाचे वडील, म्हणजे आमचे काका, दारातच उभे होते. त्यांनी कापसाच्या त्या पांढऱ्या डोंगराच्या मागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तथी हाये. ताडपत्री टाकली ना मी त्याच्यावर. काई होत नाई त्याले."

"निघेल कधी?"

"भाव आला का निघते."

मी वकील आहे. ताबा, वहिवाट, अडथळा, सगळं मला तोंडपाठ आहे. पण ज्या माणसाच्या घरी आपण वीस वर्षं रविवारचं जेवण जेवलो, त्याच्यावर आपल्या ड्रमसाठी कसला दावा लावणार? मी काकूंनी दिलेला चहा प्यायले.

काकांचा दुसरा हुकूम अॅम्प्लिफायरबद्दल होता. मालकानं वायर सोडली तसे ते धावत आले. "कापसात लाइट आणता? एक ठिणगी पडली का वर्साचा माल गेला. अकल हाये का नाई कोनाले?" हे चाळिशी ओलांडलेल्या माणसांना, त्यातल्या एका दंतवैद्याला आणि एका वकिलाला. पण म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. शेवटी तह झाला. विजेचं काहीही चालणार नाही, सेलवर चालणारं छोटं रेकॉर्डर चालेल, विडी ओढणारा पाहुणा चालणार नाही. मालकानं इलेक्ट्रिक गिटार टांगून ठेवली आणि कॉलेजातली लाकडी गिटार काढली. डॉक्टरनं कुणाकडून तरी विजेशिवाय वाजणारा बेस मिळवला. मास्तरला माईक नव्हता. मला तर काहीच नव्हतं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला, संक्रांत गेली. काका रोज सकाळी भाव बघायचे आणि मान नकारार्थी हलवून चहा मागायचे. अमरावतीत मीही रोज सकाळी बघायला लागले. कोर्टात जाण्याआधी मोबाइलवर अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, तिन्ही बाजारांचे दर. एकदा बार रूममध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "काहून वो वकीलबाई, वावर घेतलं का?" मी म्हटलं, "नाई साहेब, ड्रम अडकला हाये." ते मान डोलावून आपल्या खुर्चीकडे गेले. एकूण माझ्याबद्दल त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं.

इकडे दर रविवारी कापसाच्या त्या खबदाडात भलतंच काहीतरी होऊ लागलं होतं. कापूस आवाज पिऊन टाकतो. बोललेला शब्द तोंडापुढे हातभर जातो आणि तिथंच थांबतो. मास्तरनं पहिल्यांदा नेहमीसारखी आरोळी ठोकली तेव्हा ती इतकी केविलवाणी ऐकू आली की आम्ही तिघं हसून हसून कापसात पडलो. तो रुसला. मग चिडून त्यानं तेच गाणं बोलल्यासारखं हळू म्हटलं आणि आमचं हसू थांबलं.

मी त्या माणसाची गाणी वीस वर्षं वाजवली होती, पण त्यांतले शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळले. ज्या गाण्याला मी बंडाचं गाणं समजून झांजा फोडत होते, ते त्याच्या वडिलांबद्दल होतं. शेवटच्या आजारपणात ते त्याला धाकट्या भावाच्या नावानं हाका मारायचे आणि तो ओ द्यायचा. मी विचारलं, "हे तू कधी लिहिलं?" तो म्हणाला, "तू दुसऱ्या अल्बममध्ये वाजवलं ना बे हे." खरंच वाजवलं होतं. इतकं जोरात वाजवलं होतं की ऐकलंच नव्हतं. मला लाज वाटली आणि ती झाकायला मी डॉक्टरला म्हटलं की तुझा बेस दाढ काढल्यासारखा वाजतो.

त्या खबदाडात त्यांनी अल्बमच्या आठपैकी सहा गाणी बसवली आणि रेकॉर्डही करून टाकली. मी समोर बसून ऐकायची. पहिल्यांदा मी रिकामा तेलाचा पिंप आणून वाजवून पाहिला, मास्तरनं दोन मिनिटं सोसलं आणि म्हणाला, "तू फक्त ऐक, आमाले बरं वाटते." मग मांडीवर वाजवून पाहिलं, तर रेकॉर्डरमध्ये कुणीतरी डास मारत असल्यासारखं आलं. त्यानंतर हात मांडीवर ठेवून बसणं एवढंच माझं काम उरलं. त्यातून कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची. तिघांचे हात वाद्यांवर अडकलेले, त्यामुळे खाजवायची मोकळीक फक्त मला होती. बँडमध्ये मला उरलेला एवढाच फायदा.

घरी परतताना दर्यापूरच्या स्टँडवर बसची वाट बघत मी हिशेब घालायची, की सहा गाण्यांत मी नाही आणि गाणी आधीच्या सगळ्या गाण्यांहून चांगली झाली आहेत. म्हणजे वीस वर्षं आडवी कोण येत होती? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पण तो कधीतरी विचारला जाईल याची मला भीती होती. उन्हाळा लागला. मला फक्त एकच हवं होतं, की भाव यावा, सेट निघावा आणि उरलेल्या दोन गाण्यांत तरी माझी जागा मला परत मिळावी.

चैत्रात भाव आला. काकांना हवा तेवढा नाही, पण "आता जास्त ताणलं तर तुटन" असं म्हणून त्यांनी गाड्या बोलावल्या. मी कोर्टाला दांडी मारून गेले. दोन दिवस कापूस भरला जात होता आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या कोपऱ्यात ताडपत्री दिसली. काकांनी स्वतः ती ओढून काढली. सेट होता तसा होता. फक्त मोठ्या ड्रमच्या आत मूठभर सरकी आणि एका उंदरिणीचा जुना संसार सापडला. "पाह्य," काका म्हणाले, "म्हटलं होतं ना काई होत नाई."

पुढच्या रविवारी उरलेली दोन गाणी करायची होती. मी आठवडाभर खुर्चीच्या दांड्यावर, ऑर्डरच्या फायलीवर, स्टीलच्या डब्यावर सराव केला. रविवारी शेडमध्ये सेट लावला आणि वाजवला. सहा महिन्यांचं साठलेलं वाजवलं. पत्रे माझ्या बाजूनं होते. गाणं संपलं, रेकॉर्डिंग परत लावून ऐकलं आणि मी तिघांकडे पाहिलं.

मास्तर म्हणाला, "छान झालंय. खूप छान."

डॉक्टर म्हणाला, "मस्त एनर्जी आहे."

मालकानं अंगठा दाखवला.

आता हे समजून घ्यायला हवं. या तिघांनी वीस वर्षांत माझं कधी कौतुक केलेलं नाही. चांगलं वाजलं की "आज झोपून आली नाई वाटते" म्हणायचे, वाईट वाजलं की "कोनाचं डोकं फोडून राहिली तू?" आम्ही एकमेकांना जे बोलतो ते ऐकून पुण्याचा पाहुणा पोलीस बोलावेल. आणि त्या दिवशी तिघंही दूरच्या नात्यातल्या आजारी माणसाला भेटायला आल्यासारखे गोड बोलत होते. मला त्या गोडव्यातच सगळं कळलं. कळलं तेव्हा इतकं लागलं की काकूंनी आग्रह करूनही मी जेवले नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढचे दोन रविवार मी गेले नाही. एकदा तारीख सांगितली, एकदा डोकेदुखी. रविवारी कोर्ट बंद असतं हे मास्तरला माहीत आहे, पण त्यानंही वाद घातला नाही. मी घरी बसून कपाट आवरलं. कपाट आवरताना मला खरोखरच वाटलं की आता हे संपलं. असंही वाटलं की चला, संपायचं ते चांगल्या गाण्यांवर संपलं. आणि मग साड्यांच्या घड्या घालता घालता मी रडले, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, कोर्टाच्या कँटीनमध्ये मी पोहे खात होते आणि समोर तिघं येऊन उभे राहिले. डॉक्टरनं दवाखाना बंद ठेवला होता, मास्तर सकाळची शाळा सुटल्यावर तसाच निघाला होता, मालकाच्या चपलेला वावरातली माती होती. आजूबाजूला माझे अशील, माझे सहकारी. मास्तर वर्गात बोलतो त्या आवाजात म्हणाला, "तुले काई लाज हाये का नाई?"

मला इतकं बरं वाटलं! पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. "काहून?"

"दोन रविवार वाया गेले आमचे. गाणं पळून राहिलं."

"मंग पळू द्या. तुमाले ड्रम नाई पाह्यजे ना? खरं सांगा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरनं चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही. "नाई पाह्यजे," तो म्हणाला. "या गाण्यांत नको वाजवू तू. तू वाजवलं का माझा बाप ऐकू येत नाई मले."

हे ऐकायला मी तयार होते, तरी पोह्यांचा चमचा प्लेटमध्ये परत ठेवला. मग डॉक्टर खुर्ची ओढून बसला. तो कमी बोलतो. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बघितल्यामुळे त्याला स्वतःचं उघडायचा कंटाळा येतो, असं मी नेहमी म्हणते. तो म्हणाला, "तुले मालूम नाई का? तू बसून ऐकते तवा तुई हनुवटी हालते. वर-खाली. आमी तिघं तिच्याकडं पाहून वाजवतो. ते साही गाणे तसेच झाले. तू नसली का मी एकीकडं, हा दुसरीकडं, अन् मास्तर तर पार मूर्तिजापूरले पोचते."

मला खरंच माहीत नव्हतं. कुणाला स्वतःची हनुवटी दिसते?

"म्हणजे मले मुंडी हालवाले बलावता?" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरचे अशील उठून दुसरीकडे बसले. "अन् अल्बमवर काय लिहान माझ्या नावापुढं? हनुवटी?"

"लिहू ना," मालक म्हणाला. "लाजते का कोनी?"

मी हसले तर हरले असते, म्हणून रागावून उरलेले पोहे संपवले आणि त्यांचे पैसे त्यांनाच द्यायला लावले. मनात मात्र एक गोष्ट नीट बसत नव्हती. त्यांना मी हवी होते, पण माझा आवाज नको होता. यात सुख मानायचं की दुःख, हे मी आजही ठरवलेलं नाही. तेव्हा एवढंच ठरवलं की उद्याची सात वाजताची बस पकडायची.

कापूस गेल्यामुळे शेड परत घुमत होतं. काकूंनी घरातल्या सगळ्या गाद्या काढून दिल्या आणि आम्ही त्या दोऱ्यांवर चारी बाजूंनी टांगल्या. त्या दुपारी काका उघड्या बाजेवर झोपले आणि आमच्या संगीताबद्दल जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाद्यांच्या आत आम्ही चौघं. तिघांच्या हातात वाद्यं, मी समोर स्टुलावर, हात मांडीवर. आता कळलं होतं म्हणून पहिली दहा मिनिटं मला हनुवटी हलवताच येईना. नवरीसारखी बसले होते. डॉक्टर म्हणाला, "जशी होती तशी बस ना बाई," आणि मी डोळे मिटून गाण्यातले शब्द ऐकायला लागले, तेव्हा ती आपोआप चालू झाली असावी, कारण गाणं सरळ चाललं.

शेवटचं गाणं संध्याकाळच्या आधी झालं. त्याच्या अखेरीला मालक एक तार छेडतो आणि ती विरेपर्यंत कुणीच हलायचं नसतं. श्वासही रेकॉर्डरमध्ये येतो. तार वाजली. मी डोळे उघडले तर तिघंही माझ्या हनुवटीकडे बघत होते. ती वर होती. ती खाली येईपर्यंत यांतला एकही जण सुटणार नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तार विरली. मी हनुवटी खाली घेतली नाही. डॉक्टरच्या मानेला खाज सुटली होती आणि त्याचे डोळे भरून आले होते. मास्तरनं ओठ घट्ट दाबले होते. मालकाची बोटं तारांपासून वीतभर वर तशीच थांबली होती. ड्रमशिवाय मी पहिल्यांदाच इतका वेळ काहीतरी धरून ठेवत होते आणि ते माझ्या हातात होतं. मला हसूही येत होतं आणि रडूही. आणखी थोडा वेळ गेला. मग मी हनुवटी खाली केली आणि तिघांनी एकदम श्वास सोडला, शिव्यांसकट.

नंतर लॅपटॉपवर सगळं जोडताना मालक त्या जागेशी थांबला. "हे शेवटी लय वेळ कोरं राह्यलं," तो म्हणाला. "कापू का?"

"हात नको लावू," मी म्हटलं. "तथी मी वाजवून राहिली."